सुस्त आणि सुस्ती

आमच्या वैनींचं माहेर बैलहोंगल तालुक्यातलं. लग्न होऊन बेळगावात आल्या तेव्हा त्यांना मराठी समजायचं, पण बोलता येत नसे. आज बावीस वर्षांनंतर त्यांचं मराठी इतकं सफाईदार झालंय की, त्या कानडी घरातल्या आहेत हे नव्या ओळखीच्या माणसांना सांगूनही पटत नाही. पण दुखण्याखुपण्यात माणूस आपल्या पहिल्या भाषेकडेच धाव घेतो. बोट कापलं की आम्ही 'आई गं' म्हणतो, वैनी 'यव्वा' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळच्या चहानंतर भिंतीला पाठ टेकून बसून राहायला लागल्या. काय होतंय म्हणून विचारलं की म्हणायच्या, "भाळ सुस्त आगतैति." आपल्या वाचकांना हे वाक्य उलगडून सांगायला नको. कानडीत सुस्त म्हणजे थकवा, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं. मराठीत मात्र सुस्त म्हणजे आळसावलेला, आणि सुस्ती येते ती पुरणपोळीच्या जेवणानंतर. शब्द मूळचा फारसी. दोन्ही भाषांनी तो उचलला, पण कानडीनं त्यातला अशक्तपणा ठेवून घेतला आणि मराठीनं आळस. त्यामुळे वैनी सांगत होत्या एक आणि आमच्या घरात ऐकू जात होतं दुसरंच. "सुस्ती येणारच. दुपारी आडवी होतेस ना, ते बंद कर बघू," हा आईचा सल्ला ठरलेला.

आज हे लिहिताना मला अपराधी वाटतं, कारण ऐकून न ऐकणाऱ्यांत मीही होते.

वैनींना थायरॉइडचा त्रास जुना. त्याआधी पाच वर्षांपूर्वी वजन वाढलं, केस गळू लागले, थंडी सोसेना, तेव्हा रक्त तपासलं. टीएसएच बराच वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत त्या पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. म्हणून यावेळी पुन्हा केस गळायला लागले, पायात गोळे यायला लागले, आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं, तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं, 'थायरॉइड वाढलंय.' दादानं रक्त तपासून आणलं. टीएसएच आला २.६. प्रयोगशाळेनं पुढं छापलेली मर्यादा साधारण ०.४ ते ४.५. म्हणजे अगदी मधोमध.

झालं! त्या दिवसापासून 'नॉर्मल' हा शब्द आमच्या घरात कोर्टाच्या निकालासारखा वापरला जाऊ लागला. "रिपोर्ट नॉर्मल आलाय की. मग कशाचं दमायलंय?" असं आई म्हणायची. दादा म्हणायचा, "उगीच मनावर घेऊ नकोस." आणि मी, चार बुकं शिकलेली, मी म्हणाले, "वैनी, सकाळी चालायला जात जा, बरं वाटेल." त्यानंतर वैनींनी सुस्त हा शब्द बोलणंच सोडून दिलं. आम्हाला वाटलं, बरं वाटतंय.

रिपोर्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मला पुढं कळलं. मी काही डॉक्टर नव्हे, पण जे समजून घेतलं ते साध्या भाषेत सांगते.

थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती टी-४ आणि थोडं टी-३ अशी संप्रेरकं तयार करते. शरीराची चूल मंद ठेवायची की मोठी, हे त्यावर ठरतं. या ग्रंथीवर लक्ष ठेवते मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी. घरातल्या सासूबाईंसारखं तिचं काम. सून कामाला लागलेली असेल तर सासूबाई हळू आवाजात हाक मारतात. कामात ढिलाई दिसली की आवाज चढतो. ही हाक म्हणजेच टीएसएच. थायरॉइड कमी पडू लागली की टीएसएच वाढतो, आणि संप्रेरक जास्त झालं की तो खाली येतो. म्हणून ही तपासणी फार उपयोगी आहे. पण ती मोजते हाकेचा आवाज. घरातल्या बाकीच्या खोल्यांत काय चाललंय, हे तिच्यावरून कळत नाही. टीएसएच नॉर्मल याचा अर्थ एवढाच की, थकव्याचं खापर बहुधा थायरॉइडवर फोडता येणार नाही. थकवा नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

छापलेली मर्यादाही एकदा समजून घेण्यासारखी आहे. निरोगी माणसांचं रक्त तपासून त्यातल्या शंभरातल्या पंच्याण्णवांचे आकडे ज्या टप्प्यात येतात, तो टप्पा म्हणजे 'नॉर्मल'. तो प्रयोगशाळेगणिक थोडा बदलतो. गरोदरपणात मर्यादा वेगळ्या असतात. शिवाय दिवसाच्या वेळेनुसार टीएसएच वर-खाली होतो. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. म्हणून मागच्या रिपोर्टशी तुलना करायची तर शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच सुमारास रक्त द्यावं. नाहीतर २.६ चा ३.१ झाला म्हणून घाबरायचं आणि ३.१ चा २.४ झाला म्हणून पेढे वाटायचे, दोन्ही व्यर्थ.

या गोळीचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथं जॉर्ज मरे या डॉक्टरांनी अशा एका आजारी बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळं काढलं. पण टीएसएच मोजण्याची सोय दवाखान्यांत आली ती १९७० च्या सुमारास. त्याआधी डोस ठरवायला डॉक्टरांजवळ फार मोजकी साधनं होती. नाडी, वजन, त्वचा पाहायची आणि रोग्याला विचारायचं, कसं वाटतंय? त्यात चुका होत, पुष्कळांना गरजेपेक्षा जास्त औषध दिलं जाई. टीएसएचनं ती चूक सुधारली, हे मोठंच काम झालं. पण झालं असं की, आकडा बोलायला लागला आणि रोग्याला विचारणं मागं पडलं. आमच्या घरात तेच घडलं होतं.

एका रात्री दीड वाजता वैनींनी दादाला उठवलं. छाती धडधडत होती, हात थरथरत होते, घाम सुटला होता. दादा घाबरला. दवाखान्यात ईसीजी झाला, हृदय ठीक होतं, नुसती गती वाढलेली. रक्त तपासलं तर टीएसएच ०.१ च्याही खाली. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर खरं बाहेर आलं. वैनी दोन महिने रोज एकाऐवजी दीड गोळी घेत होत्या. ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं होतं, "मलाही असंच होत होतं, डोस वाढवल्यावर हुशारी आली." घरात कुणी ऐकत नाही म्हटल्यावर वैनींनी बाहेर ऐकून घेणारं माणूस शोधलं, आणि त्या माणसानं मनापासून चुकीचा सल्ला दिला.

गोळी वाढवून थकवा जाईल, हा समज फार पसरलेला आहे. त्याची परीक्षा झालेली आहे. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. थायरॉइडची सगळी लक्षणं आहेत पण रिपोर्ट नॉर्मल आहेत, अशा लोकांना काही आठवडे थायरॉक्सिन आणि काही आठवडे हुबेहूब दिसणारी खोटी गोळी दिली. कोणती केव्हा, हे त्यांना सांगितलं नाही. खऱ्या गोळीचा खोट्या गोळीपेक्षा जास्त उपयोग झाला नाही. आणि गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिनची किंमत मोठी असते. हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजतात. उलट चूकही पुष्कळजण करतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करतात. अहो, रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळीमुळेच! छत्रीखाली अंग कोरडं राहिलं म्हणून भर पावसात छत्री मिटणाऱ्यासारखं आहे ते.

त्या रात्रीनंतर वैनींना ज्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी एक साधी गोष्ट केली. दादा नेहमीप्रमाणे सोबत होता आणि नेहमीप्रमाणे तोच बोलत होता. "हिला थायरॉइड आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे, पण हिला वाटतं की..." बाईंनी त्याला मध्येच थांबवलं, "नीव स्वल्प होरग कूड्री." दादा बाहेर आला. मग त्या वैनींकडे वळून म्हणाल्या, "ईग हेळ्री, एन त्रास ऐति?"

वैनी मला नंतर म्हणाल्या, "वन्सं, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला माझ्या भाषेत विचारलं. मला रडूच आलं."

मग कळलं ते असं. दीड-दोन वर्षं त्यांची पाळी दहा-दहा, बारा-बारा दिवस चालत होती. अंगावरून फार जात होतं. दादासमोर परक्या डॉक्टरांना हे कसं सांगायचं? आणि आईला सांगितलं तर ती म्हणाली असती, "या वयात असंच असतं." माहेर आणि सासर दोन्ही शाकाहारी. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलेली भाकरी आणि पातेल्याच्या तळाची आमटी, हे वैनींचं जेवण. दूध मुलांना, दही आईला. बाईंनी नुसता टीएसएच न बघता हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, जवळजवळ संपलेला. बी-१२ कमी. सोनोग्राफीत गर्भाशयात एक साधी गाठ निघाली.

म्हणजे केस गळणं, पायात गोळे येणं, विसरभोळेपणा, थंडी वाजणं आणि थकवा, या सगळ्याला कारण होतं. फक्त ते दुसऱ्या खोलीत होतं आणि आम्ही एकाच खोलीचा दिवा लावून बघत होतो.

वैनींसारख्या बायका थोड्या नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या अभ्यासात प्रौढांपैकी जवळजवळ ११ टक्के लोकांची थायरॉइड मंद निघाली. दोन्ही गोष्टी इतक्या सर्रास असतील तर त्या एकाच बाईत एकत्र येणारच. शिवाय थायरॉइड मंद होण्याचं एक मोठं कारण म्हणजे हाशिमोटोचा आजार. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीवर उलटते. अशा लोकांत बी-१२ शोषलं न जाण्याचा किंवा गहू न सोसण्याचा विकार इतरांपेक्षा जास्त आढळतो. म्हणून थायरॉइड असलेल्या माणसाच्या थकव्याचं दुसरं कारण शोधणं हे जास्तच गरजेचं.

ही कारणं कुठं कुठं असू शकतात? साखरेचा आजार असू शकतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीनं काहींचं बी-१२ उतरतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही थकवा येतो. पाळी जाण्याच्या वयात रात्री घाम फुटून झोपमोड होते. मोठ्यानं घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत अडतो आणि आठ तास झोपूनही तो सकाळी दमलेलाच उठतो. आणि मन. आपल्याकडे 'मनाचं आहे' असं म्हटलं की विषय संपतो. खरं तर तिथून तो सुरू व्हायला हवा. औदासीन्य हाही आजारच आहे, त्यालाही औषध आहे, आणि त्याची लक्षणं थायरॉइडच्या लक्षणांशी पुष्कळ जुळतात.

गोळी घेण्याची पद्धतही तपासून पाहावी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-कॉफी, नाश्ता अर्ध्या ते एका तासानं. आपल्याकडे डोळे उघडल्याबरोबर चहा लागतो, तिथं नेमकी गडबड होते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी या गोळीपासून चार तास लांब ठेवावी, नाहीतर ती हिला शोषूच देत नाही. वैनींना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा बाईंनी हे दोनदा बजावलं. थायरॉइडची सकाळी, लोहाची दुपारच्या जेवणानंतर. गोळीची बाटली आपल्या पावसाळ्यात ओल लागणार नाही अशी, झाकण घट्ट लावून ठेवावी. डोस बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनंतर रक्त तपासावं, कारण त्याआधीचा आकडा अर्धवट असतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. त्यामुळे काही तपासण्यांचा आकडाच चुकतो. साधारण दोन दिवस आधी त्या थांबवायला सांगतात.

आता एक प्रामाणिक गोष्ट. सगळ्यांची गोष्ट वैनींसारखी सुटत नाही. गोळी नीट चालू आहे, टीएसएच नॉर्मल आहे, रक्त, साखर, झोप सगळं तपासून झालंय, तरीही थकवा जात नाही, असे लोक आहेत. उपचार घेणाऱ्या शंभर जणांत पाच ते दहा असा अंदाज दिला जातो. टी-४ च्या जोडीला टी-३ दिलं तर? १९९९ साली लिथुआनियात ३३ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासानं तशी आशा दाखवली होती. पण नंतरच्या बहुतेक अभ्यासांत एकट्या टी-४ पेक्षा जास्त फायदा दिसला नाही. काही डॉक्टर निवडक रुग्णांना ते काही महिने, लक्ष ठेवून, देऊन पाहतात. तो निर्णय त्यांच्यावर सोडावा. पण कारण सापडलं नाही म्हणून त्या माणसाचा थकवा खोटा ठरत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवणं, कामाचा भार वाटून घेणं, एवढं तर घरच्यांच्या हातात आहे. त्याला प्रयोगशाळेची मर्यादा नाही.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक कागद करावा. त्रास कधी सुरू झाला, दिवसात केव्हा जास्त होतो, झोप कशी, पाळी कशी, जेवण काय, कोणकोणत्या गोळ्या आणि किती वाजता, हे सगळं ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहावं. आपल्या भागात रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर कानडी, रोगी मराठी किंवा नेमकं उलटं, असा प्रकार रोजचाच. सोबतच्या माणसानं दुभाषाचं काम जरूर करावं, पण रोग्याचं वाक्य रोग्यालाच बोलू द्यावं. आणि छातीत दुखणं, दम लागणं, कारण नसताना वजन उतरणं, गळ्यातली गाठ वाढणं, आवाज बसणं किंवा जगणं नकोसं वाटणं, यातलं काही असेल तर 'नॉर्मल'चा जुना कागद बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठावं.

वैनींना बरं वाटायला पाच-सहा महिने लागले. गोळीचा डोस पुन्हा पहिल्यावर आणला. गाठीवर उपचार झाले, लोह भरून निघालं, बी-१२ ची इंजेक्शनं झाली. अगदी पहिल्यासारखी हुशारी आली असं त्याही म्हणत नाहीत. पण संध्याकाळी भिंतीला टेकून बसणं थांबलं. घरात एक नियमही झाला. वैनींचं पान आता सगळ्यांबरोबर वाढलं जातं, आणि दह्याची वाटी आई स्वतः त्यांच्या पानात ठेवते.

परवा रविवारी दुपारी वैनी जरा आडव्या झाल्या होत्या. आई दारातून डोकावली आणि तिनं विचारलं, "काय गं, सुस्त की सुस्ती?"

वैनी हसत म्हणाल्या, "आज सुस्ती, अत्ती. पुरणपोळीची."

"मग झोप," आई म्हणाली आणि दार ओढून घेतलं.